दिवाळीच्या सुट्टीत जाफन्याची बोट धरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून श्रीलंकेतल्या जाफन्याजवळच्या कांकेसंतुराईला जाणाऱ्या प्रवासी बोटीविषयी पुण्यात कुतूहल वाढते आहे. विमानाशिवाय परदेशी जाता येते ही कल्पनाच अनेकांना भुरळ घालते. दिवाळीचे बेत आखणाऱ्या कुटुंबांनी आणि सहल-आयोजकांनी मात्र एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. आपल्या शाळांची दिवाळीची सुट्टी आणि या समुद्राचा सर्वांत वाईट काळ एकाच वेळी येतात.

आपल्या डोक्यात कोकणचे गणित पक्के असते. जूनमध्ये गेटवे-मांडवा बंद होते, पाऊस ओसरला की बोटी पुन्हा सुरू होतात आणि दिवाळीत समुद्र शांत असतो. पूर्व किनाऱ्यावर नेमके उलटे घडते. तिथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. हे वारे बंगालच्या उपसागरावरून थेट भारत-श्रीलंकेमधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीच्या तोंडात शिरतात आणि बोटीची वाट त्या तोंडावरूनच जाते. पाणी उथळ असल्याने लाटा आखूड आणि उभ्या उठतात. जाताना बोट जवळजवळ दक्षिणेला चाललेली असते, त्यामुळे ईशान्येच्या लाटा डाव्या कुशीवर, थोड्या मागून येतात आणि बोट आडवी डोलते. परतताना त्याच लाटा उजवीकडून, पुढच्या अंगाने आदळतात. त्यामुळे येतानाचा प्रवास जास्त वेळखाऊ आणि जास्त त्रासाचा होऊ शकतो.

ही सेवा १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली आणि आठवडाभरातच या वाऱ्यांपायी थांबली. १६ ऑगस्ट २०२४ ला ती दुसऱ्या बोटीने पुन्हा सुरू झाली आणि त्याही वर्षी पावसाळ्यात खंड पडला. दोन्ही बोटी सुमारे दीडशे आसनांच्या होत्या. एवढ्या आकाराची बोट खवळलेल्या समुद्रात न सोडणे हाच शहाणपणा आहे, त्याबद्दल कुणालाही दोष देऊ नये. दोष द्यायचाच तर नोव्हेंबरची तारीख छापून ‘खात्रीशीर’ म्हणणाऱ्या जाहिरातीला द्यावा.

जायचेच असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. शाळेची मुले बरोबर असतील तर वार्षिक परीक्षा संपताच, एप्रिलच्या उत्तरार्धात निघावे. मे महिना चालतो, पण त्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात बंगालच्या उपसागरात वादळे तयार होऊ शकतात. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा बंदरांसाठीचा इशारा पाहावा. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे बंदरावर सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे. अशा वेळी बोट सुटेल असे धरून चालू नये.

पुण्याहून सोलापूर-वाडी-गुंतकल-रेणिगुंटामार्गे चेन्नईला रेल्वेने साधारण वीस तास लागतात. पुढे नागपट्टिनमवरून कारैक्कलकडे जाणारी रात्रीची गाडी सहसा चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून सुटते. आपली गाडी चेन्नईत कोणत्या स्थानकावर पोहोचते ते तपासून मध्ये पुरेसा वेळ ठेवावा. माझे स्पष्ट मत असे की चेन्नईहून थेट बंदर गाठण्यापेक्षा वाटेत तंजावरला दोन रात्री राहावे. नागपट्टिनम तिथून तिरुवारूरमार्गे जेमतेम ऐंशी-नव्वद किलोमीटर. बोट एक दिवस पुढे गेली तरी तो दिवस सरस्वती महाल ग्रंथालयात आणि बृहदीश्वरात सत्कारणी लागतो. तंजावरच्या मराठा सरफोजीराजांनी याच सामुद्रधुनीच्या काठी बांधलेला मनोराही पाहता येतो. मराठी माणसाने तंजावर टाळून पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. परतीच्या बाजूलाही दोन दिवस मोकळे ठेवा. चुकलेल्या बोटीनंतर तासाभरात दुसरी मिळत नाही. अगदीच अडचण झाली तर कांकेसंतुराईजवळच्या पलाली विमानतळावरून चेन्नईला विमान आहे का, ते पाहता येते. प्रवास विमा घेताना ‘विलंब’ या कलमात बोट धरली आहे की फक्त विमान, हे वाचून घ्यावे.

कागदपत्रांत सर्वाधिक गफलत होते ती आधार कार्डामुळे. नेपाळची सवय असलेले लोक पासपोर्टशिवाय निघतात. हा आंतरराष्ट्रीय प्रवास आहे. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि तो किमान सहा महिने वैध हवा. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ मिळणे आणि पोलिस पडताळणी यांचा हिशेब करून दोन-तीन महिने आधी अर्ज करावा. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळावे. श्रीलंकेची ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी, सरकारी संकेतस्थळावरूनच काढावी. तिच्या शुल्काचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नये. भारतीय चलन माणशी २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येते.

धक्क्यावरचा क्रम विमानतळासारखाच असतो: तिकीट, सामान तपासणी, कस्टम्स, इमिग्रेशन. प्रवाशांची यादी बोट सुटण्याआधी पक्की करावी लागते, म्हणून हजेरीची खिडकी लवकर बंद होते. हजेरीची जी वेळ तिकिटावर असेल तीच खरी मानावी. ही सामुद्रधुनी सोन्याच्या तस्करीसाठी कुप्रसिद्ध असल्याने दागिन्यांची चौकशी कसून होते. अंगावर जडजवाहीर असेल तर जातानाच आपल्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. नाहीतर परतताना ते आपलेच होते, हे सिद्ध करत बसावे लागते. रोपे, बिया, ताजी फळे नेऊ नयेत.

बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी निघण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिन दोन तास आधी घेतात. दोन्हींनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. उपाशीपोटी बसणे चुकीचे, तेलकट खाणे त्याहून चुकीचे. दोन इडल्या पुरतात. जागा बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूची निवडावी आणि मोबाइलऐवजी क्षितिजाकडे पाहावे. शांत समुद्रात हे सुमारे ११० किलोमीटर अंतर कापायला चारेक तास लागतात.

पलीकडे उतरल्यावर आपण श्रीलंकेच्या उत्तर टोकाला असतो, हे जाहिराती सांगत नाहीत. जाफना जवळ, वीसेक किलोमीटरवर आहे. कोलंबो मात्र तिथून रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. कॅन्डी, नुवारा एलिया, गॉल पाहायचे असेल तर सरळ कोलंबोचे विमान घ्यावे. पाच दिवसांत सगळे बसवण्याच्या नादात निम्मी सहल गाडीत जाते. नल्लूरचे मंदिर, डच किल्ला, नैनातीवू बेट आणि १९८१ साली जळून पुन्हा उभे राहिलेले जाफन्याचे वाचनालय पाहायचे असेल, तर मात्र ही बोट अगदी योग्य. नल्लूरच्या मंदिरात पुरुषांना सदरा काढूनच आत जाता येते.

सहल-आयोजकांना माझी विनंती आहे की बोट रद्द झाल्यास मुक्कामाचा खर्च कोण करणार आणि पैसे किती दिवसांत परत मिळणार, या दोन गोष्टी त्यांनी पत्रकावर छापाव्यात. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ग्राहकांनी त्या लेखी मागून घ्याव्यात.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे