अवकाशाची व्याख्यानं मराठीत होऊ द्या, निदान प्रश्न तरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात पुतणीला घेऊन एका विद्यापीठात अवकाश संशोधनावरच्या व्याख्यानाला गेलो होतो. व्याख्यान सर्वांसाठी खुलं होतं, प्रवेश मोफत. पोरगी सातवीत आहे, चांद्रयान तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि तिने वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून आणला होता की चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघालं आणि २३ ऑगस्टला उतरलं म्हणजे ४० दिवस लागले, मग १९६९ मध्ये अपोलो ११ चारच दिवसात कसं पोचलं?

शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक यातच पाऊण तास गेला. मग सगळं भाषण इंग्रजीत, स्लाईड पण इंग्रजीत. शेवटी प्रश्नांना दहा मिनिटं ठेवलेली, हिने हात वर केला, मराठीत सुरुवात केली तर माईक धरलेल्या बाई म्हणाल्या, इंग्लिशमध्ये विचार बाळा. ती वही मिटून खाली बसली. माझ्या पोटात तुटलं हो.

बाहेर पडताना वक्ते सर जिन्यात भेटले, मीच धीर करून थांबवलं तर ते चक्क अस्सल मराठीत बोलायला लागले. म्हणाले, अपोलोचं सॅटर्न ५ रॉकेट अवाढव्य होतं, एका दणक्यात चंद्राकडे पाठवायचं, आपलं एलव्हीएम३ त्याच्यापुढे लहान. म्हणून आपण यान आधी पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरवतो आणि ते पृथ्वीच्या जवळून सगळ्यात जोरात जात असतं ना, नेमकं तेव्हा थोडा वेळ इंजिन चालवतो, की पलीकडचं टोक अजून लांब जातं, असं चार-पाच वेळा केलं की चंद्रापर्यंत हात पोचतो. झोपाळा खाली आला की दर वेळी थोडा धक्का देतेस आणि झोका वाढत जातो, तसंच. पोरीचा चेहरा असा उजळला! दोन मिनिटाचं काम होतं. हेच हॉलमध्ये झालं असतं तर मागच्या रांगांमधल्या सगळ्या पोरांना कळलं असतं.

मी नारायणगावचा. आमच्याकडे खोडद आणि आसपासच्या गावांत मिळून जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला आजूबाजूच्या शाळांची पोरं लोटतात. तिथे मी स्वतः मराठीत ऐकलंय की डिशला पत्रा न लावता तारांची जाळी का लावली, तर रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना बारीक जाळीसुद्धा पत्र्यासारखीच, आणि वारा मात्र आरपार जातो म्हणून डिश हलकी आणि स्वस्तात बनते. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना आमच्याकडच्या कांदा लावणाऱ्या माणसाला पण समजते, कारण ती त्याच्या भाषेत सांगितलेली असते. त्यामुळे मराठीत विज्ञान सांगता येत नाही हे मला कोणी सांगू नये. जयंत नारळीकर सरांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि आयुष्यभर मराठीत लिहिलं, बोलले. सही मागायला आलेल्या मुलांना ते म्हणायचे, पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देतो आणि त्याच्याखाली सही करतो. मे २०२५ मध्ये सर गेले, पण ती पद्धत कुणीतरी चालू ठेवायला काय हरकत आहे?

पाहुणे बाहेरच्या राज्यातले असतील तर इंग्रजी चालेल, समजू शकतो, पण मग एखादा पीएचडीचा विद्यार्थी शेजारी उभा करा, तो प्रश्न इंग्रजीत करून सांगेल. आणि व्याख्यान रविवारी सकाळी ठेवा, बुधवारी दुपारी चारला गावाकडून कोण येणार, शाळा बुडवून आणि एसटीने परत जायची धास्ती घेऊन?

तुम्हालाही एक विनंती आहे. पेपरात ह्या व्याख्यानांची बातमी दुसऱ्या दिवशी येते, फोटोत व्यासपीठावरचे आठ जण आणि खाली त्यांची नावं, वक्ता काय बोलला ते शेवटच्या दोन ओळीत. त्यापेक्षा आठवडाभर आधी तारीख, वेळ, भाषा आणि जवळचा बसस्टॉप एवढं छापा. आमच्या आळीतली सात-आठ पोरं तयार आहेत, घेऊन यायची जबाबदारी माझी.

आपला,
एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)