लॅपटॉप जळतो तो वीज परत येताना

मा. संपादक,

वळवाचे दिवस आले की कोकणात संगणक बिघडू लागतात आणि दोष वीज जाण्याला दिला जातो. खरा धोका ती परत येताना असतो. गावातले फ्रिज आणि पंप एकदम सुरू होतात, दाब आधी कोसळतो, मग उसळतो. म्हणून वीज गेली की प्लग काढावा आणि आल्यावर पाच मिनिटे थांबून लावावा. लॅपटॉपला स्टॅबिलायझर लागत नाही. अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट छापलेले असते, कमी दाब तो सोसतो. वाढीव दाब मात्र त्याला मारतो.

माडाची झावळी पडून न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटली तर २३० व्होल्टच्या घरात ४०० च्या जवळपास दाब शिरू शकतो. पंखा सुसाट सुटला, पिवळा बल्ब लखलखला आणि शेजारी दिवे मिणमिणू लागले, तर आधी मेन स्विच बंद करा, मग लाइनमनला कळवा.

स्पाइक गार्डवर, म्हणजे दाबाची उसळी अडवणाऱ्या बोर्डावर, विसंबणाऱ्यांनी अर्थिंग तपासावे, ते नसेल तर गार्डचे निम्मे काम अडते. आपल्या जांभ्यातला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा पडतो, खाऱ्या हवेने क्लॅम्पपाशी तार गंजते. तीन पिनांच्या चार्जरवर असताना लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोट फिरवल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर अर्थिंगचा संशय घ्या. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, ५ ओमच्या आत हवे. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालत राहा.

गडगडाट ऐकू येताच चार्जर काढून बॅटरीवर काम करावे. राउटरचा प्लग आणि तांब्याची केबलही काढावी, हे हमखास विसरले जाते. एरवी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली तर बॅटरी जास्त टिकते. टचपॅड वर उचलला गेला असेल तर ती फुगली आहे. वापर तिथेच थांबवा, टोचू नका, पेट घेते.

शाळांना कळकळीची विनंती. मे महिन्याच्या सुट्टीत संगणक कक्षाला कुलूप लावण्याआधी सगळे प्लग काढा. लॅपटॉप निम्म्या चार्जवर ठेवा. यूपीएसची बॅटरी शिसे-आम्लाची, ती मात्र पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा शिपायाकरवी पुन्हा चार्ज करून घ्या. रिकामी पडून राहिली तर जूनमध्ये ती चार्जच धरत नाही.

– एक वाचक, रत्नागिरी