खुबा दुसऱ्यांदा बसवला, मशीन एकदाही आलं नाही

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपल्या खात्याचं उत्तर मिळालं. चार ओळी. पहिल्या दोनांत म्हटलंय की बेळगावला कृत्रिम सांध्यांच्या चाचणी केंद्राची गरज दिसत नाही, बेंगळुरूला सोय आहे. पुढच्या दोनांत म्हटलंय की अर्ज कन्नडमधून पुन्हा करावा. गरजच नाही, तर पुन्हा अर्ज कशासाठी? नकार कन्नडमध्ये जास्त पक्का होतो काय?

गेल्या डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाला बेळगावात आला होता, तेव्हा आमच्या बैठकीत आपणच म्हणाला होता, "सहा महिन्यांत मशीन बसवतो." टाळ्या आम्ही वाजवल्या. जाताना कुंद्याचा डबाही आम्हीच दिला.

कुठलं मशीन, ते विसरला असाल. माझं उद्यमबागेत वॉटरजेटचं जॉबवर्क आहे. पाणी साडेतीन-चार हजार बार दाबाने केसासारख्या बारीक भोकातून सोडलं की आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने सुटतं. त्यात गार्नेटची वाळू मिसळली तर जाड पोलाद कापतं. वाळू न घालता नुसतं पाणी टायटॅनियमवरून भरभर फिरवलं, तर धातू न कापता त्यावर बारीक खड्डे पाडतं. दाब, नोझलचं अंतर आणि फिरवण्याचा वेग बदलला की खड्डा हवा तसा मिळतो. कशासाठी? तर खुब्याचा कृत्रिम सांधा सिमेंट न लावता बसवला, की मांडीच्या हाडाने वाढून आत घुसवलेल्या त्याच्या दांड्याला धरायचं असतं. गुळगुळीत धातू हाड धरत नाही. खडबडीत करायला वाळूचा मारा करतात, तर त्या वाळूचे कण धातूत रुतून राहतात. लेप चढवतात, तर तो कधीकधी सुटतो. पाण्याचं तसं नाही. धातू तापत नाही, मागे काही उरत नाही.

मात्र खड्डा जास्त झाला तर दांडा तिथूनच थकून मोडू शकतो. म्हणून त्यावर पन्नास लाख वेळा दाब देऊन बघावं लागतं. ते बघायचं मशीन मागितलं होतं, साहेब. विमानतळ नव्हे.

आता माझं ऐका. माझा पहिला सांधा सात वर्षांत ढिला झाला. जिना चढताना मांडीत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. रात्री कूस बदलायची तर बायकोला उठवायचं. डॉक्टर म्हणाले, हाडाने धरलंच नाही. दुसऱ्या वेळी साडेचार लाख गेले. त्यात लेथ विकली. २०१७ साली केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीला लगाम घातला, तेव्हा आम्ही खुबावाल्यांनी काय पाप केलं होतं कोण जाणे. काढलेला दांडा मी मागून आणला. शॉपमध्ये भिंगाखाली धरला, तर एका बाजूचा लेप सोलून गेलेला, खाली धातू चकचकीत. त्याच रात्री पहिली टायटॅनियमची पट्टी मशीनवर लावली. आज अशा एकतीस पट्ट्या आहेत. एकीचीही चाचणी नाही, म्हणून त्या माझ्या ड्रॉवरमध्येच आहेत.

बेंगळुरूला सोय आहे, खरं आहे. चौदा वेळा गेलो. येऊन-जाऊन हजार किलोमीटर धरा, चौदा हजार झाले. यात चूक असेल तर तुमचे अधिकारी दुरुस्त करतील. काहीतरी काम तरी होईल. दुसऱ्यांदा बसवलेल्या खुब्याने रात्रभर बसमध्ये बसून बघा एकदा. तिकडे जाऊन काय मिळतं? तारीख.

आणि कन्नडचं म्हणाल, तर मला कन्नड येतं. माझा ऑपरेटर गोकाकचा; आम्ही दिवसभर दोन्ही भाषांत भांडतो, काम अडत नाही. अडतं ते तुमच्या टेबलावर. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं, की गाऱ्हाणं राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मराठी बेळगावात वापरात नाही असं ज्याला वाटतं, त्याने शनिवारी खडेबाजारात एक फेरी मारावी.

पण तुम्हाला एकट्याला काय बोलायचं? १९५६ साली बेळगाव कर्नाटकाकडे (तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे) गेलं, तेव्हापासून आम्ही फाइलच आहोत. सीमाप्रश्नावर महाजन आयोग झाला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आरोग्य योजना देऊ केली, तर तुमच्या सरकारने डोळे वटारले. बरं, तिकडच्यांना तरी आमची आठवण कधी येते? निवडणुकीत. मराठी माणसाचा सांधा दोन्हीकडून ढिला. बेळगावजवळ हलग्याला चारशे कोटींच्या आसपास खर्चून २०१२ साली अधिवेशनासाठी सुवर्ण विधानसौध उभं केलं, वर्षातून दहा दिवस दिवे लागतात. बाकीच्या साडेतीनशे दिवसांत त्यातली एक खोली आम्हाला द्या की. मशीन तिथेही मावेल.

येत्या अधिवेशनाला याल, तेव्हा शॉपवर या. काढलेला दांडा टेबलावरच आहे, हातात घेऊन बघा. जिना अकरा पायऱ्यांचा आहे. मी खाली उतरणार नाही, तुम्हीच वर या.

अर्जाची चौथी प्रत सोबत जोडली आहे. मराठीतच आहे.

आपला,
उद्यमबागेतला एक जॉबवर्कवाला
बेळगाव