दाव दुप्पट करण्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर कॅसिनोतल्या जुगाराबद्दल तू म्हणालास, "हरलो की दाव दुप्पट करायचा. एकदा लागला की सगळं वसूल." तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून हे पत्र.

कागदावर मांडून बघ. १, २, ४, ८ असं करत सलग दहा दाव हरलास, तर १०२३ गेले आणि अकरावा दाव १०२४ चा. तो लागला तरी पदरात निव्वळ १. एकासाठी दोन हजारांवर पाणी सोडायची तयारी! शिवाय टेबलावर कमाल दावाची मर्यादा असते. दुप्पट करत गेलास की लवकरच तीही आडवी येते.

सलग दहा वेळा कशाला हरेन, म्हणशील. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ ला रूलेटवर, म्हणजे फिरत्या चाकात चेंडू कुठल्या घरात पडेल यावर दाव लावायच्या खेळात, काळा रंग ओळीने २६ वेळा आला. आता तरी लाल येणारच, म्हणत लोक दाव वाढवत गेले आणि धुऊन निघाले. अरे, चेंडूला मागचं काही आठवत नसतं. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं, त्यांत लाल १८, काळी १८ आणि शून्याचं एक हिरवं. दर वेळी तेवढीच. त्या हिरव्या शून्यापायी दावाचे सरासरी २.७ टक्के कॅसिनोच्या घशात जातात. दाव मोठा केल्याने ते प्रमाण बदलत नाही, माणूस तेवढा लवकर बुडतो.

तू अ‍ॅशली रेव्हेलचा दाखला देतोस. २००४ मध्ये त्याने होतं नव्हतं ते विकलं, लास वेगासला सगळं लालवर लावलं आणि जिंकला, हे खरं. पण चेंडू पडला लाल ७ वर, आणि त्या घराच्या दोन्ही बाजूंना काळी घरं असतात. तिथे पडला असता तर त्याचं नाव तुझ्या कानावर तरी आलं असतं का? टेरी वातानाबे याच शहरात २००७ मध्ये बारा कोटी डॉलरच्या वर हरला. त्याचा दाखला तू कधी देत नाहीस.

मला खरी धास्ती तुझ्या त्या "वसूल"ची वाटते. गेलेला पैसा आणायला माणूस घरातला पैसा काढतो, मग उसना, मग व्याजाचा. तू कुठवर आलायस? कर्ज काढलं असशील तर आकडा सांग, मी एका शब्दानेही बोलणार नाही. बऱ्याच कॅसिनोंत 'मला आत घेऊ नका' असं स्वतःच लिहून देता येतं. तो अर्ज आपण दोघं बसून भरू. आणि कार्ड तूर्त वहिनींकडे दे.

रविवारी येतोय. रागावलास तरी दार उघड.

तुझाच,
जुना मित्र