प्रेमकादंबऱ्यांच्या बाजूने

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील वाचनविषयक लेखात प्रेमकादंबऱ्यांची बोळवण ‘दुपारी डोळा लागेपर्यंत चाळायची पुस्तके’ अशा एका ओळीत केलेली पाहून हे पत्र लिहायला बसले. गेली चाळीस वर्षे मी मराठी, गुजराती आणि थोड्याफार इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचत आले आहे, आणि इतके कसब मागणारा दुसरा कादंबरीप्रकार नाही, असे माझे ठाम मत आहे.

लेखाचा मुख्य आक्षेप असा की, या कादंबऱ्यांचा शेवट आधीच ठाऊक असतो. परंतु सीतास्वयंवराच्या आख्यानाला बसलेल्या श्रोत्यांपैकी धनुष्य मोडणार हे कोणाला ठाऊक नसते? तरीही बुवांनी धनुष्यापाशी पोहोचायला तासभर लावला, तरी मंडळी जागची हलत नाहीत. दोघांच्या मध्ये नेमके काय आडवे येते आणि ते कसे दूर होते, यातच प्रेमकथेचा जीव असतो. जेन ऑस्टेन यांच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये ६१ प्रकरणे आहेत आणि डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो तो ३४ व्या प्रकरणात, तीही तिच्या घराण्याच्या कमीपणाचा पाढा वाचत, त्यामुळे ती त्याला साफ नकार देते. उरलेल्या २७ प्रकरणांत दोघांनाही एकमेकांविषयीचे आणि, त्याहून अवघड म्हणजे, स्वतःविषयीचे मत बदलावे लागते.

बडोद्यात वाढल्यामुळे गुजराती सहज वाचता येते, आणि त्यामुळे हाच आनंद मला आणखी एकदा मिळाला. आपल्या बडोदा कॉलेजचे विद्यार्थी असलेले क. मा. मुनशी यांच्या ‘गुजरातनो नाथ’मधील मंजरी विदुषी आणि मानी आहे, काक शूर असला तरी तो आपल्या विद्येच्या तोलाचा नाही, असे तिला वाटते. त्यांचे लग्न होऊन गेलेले असते, मन जुळायचे राहिलेले असते. आपल्याकडच्या कितीतरी घरांतला हाच क्रम होता आणि आहे, म्हणून मला ही जोडी डार्सी-एलिझाबेथपेक्षाही जवळची वाटते.

ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतले वातावरण आज जुने वाटते, हे मान्य. पण निरगाठ कुठे मारायची आणि उकल किती लांबवायची, हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि हल्लीच्या पुष्कळ कादंबऱ्या नेमक्या तिथेच फसतात. एका फोनने मिटेल असा गैरसमज अडीचशे पाने ताणला, तर वाचकाला दोघांचाही कंटाळा येतो.

मात्र सगळे नवे तसे नाही. गौरी देशपांडे यांच्या ‘तेरुओ’मधील नायिका विवाहित आहे, जपानमध्ये एका तरुणाच्या प्रेमात पडते, आणि लेखिका तिला ना शिक्षा करते ना तिची वकिली करते. सचिन कुंडलकर यांच्या २००६ सालच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये एकाच घरातील भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूवर प्रेम करतात, आधी भावाचे निवेदन येते, मग बहिणीचे, आणि तोच माणूस दोन वेगळ्या प्रकाशांत दिसतो. पूर्वी अडसर घराण्याचा, पैशाचा किंवा जातीचा असे. इथे तो बराचसा मनातच आहे, आणि म्हणूनच दूर करायला अधिक कठीण आहे.

या सर्वांहून मला प्रिय आहे ती पु. शि. रेगे यांची १९६२ सालची ‘सावित्री’. संपूर्ण कादंबरी नायिका सावित्रीने आपल्या प्रियकराला लिहिलेल्या पत्रांची आहे. त्याची उत्तरे आपल्याला दाखवलेली नाहीत. ती तिच्या पुढच्या पत्रातून ओळखावी लागतात, आणि ओळखता ओळखता आपणच तिच्या पत्राची वाट पाहणारे होऊन बसतो. मोर हवा असेल तर आपणच मोर व्हायचे, या अर्थाची त्यातली गोष्ट मी माझ्या मुलीला तिच्या लग्नाच्या आदल्या रात्री वाचून दाखवली होती. एवढ्या लहान पुस्तकात प्रेमाविषयी इतके सांगितलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही, आणि ते वाचताना डोळा लागणे शक्यच नाही.

एक विनंती आहे. आपल्या शहरातील एका वाचनालयात जुन्या प्रेमकादंबऱ्या ‘मागणी नाही’ म्हणून रद्दीत काढण्याचे चालले आहे. ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर मुलामुलींसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यांच्या बडोद्यात कित्येक बायकांचे वाचन याच पुस्तकांनी सुरू झाले. आपल्या पुरवणीत दर महिन्याला अशा एका कादंबरीचा परिचय यावा, म्हणजे मागणी आपोआप होईल. पहिला परिचय ‘सावित्री’चा असावा. तो लिहून देण्याची माझी तयारी आहे, आणि रद्दीत निघालेल्या प्रती स्वखर्चाने बांधून परत द्यायलाही मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे