चि. मंजिरीस, अर्ज भरल्यानंतर

नाशिक, रविवार रात्र

चि. मंजिरी हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी आवाज चढवला आणि तू "ठेवते बाबा" म्हणालीस, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लिहिणे-वाचणे बंद ठेवायला सांगितले असतानाही हे पत्र लिहितो आहे, कारण फोनवर नको तेच आधी तोंडातून जाते. ओढ्याकडच्या रस्त्याचा विषय इथे काढायचा नाही, असे ठरवूनच बसलो आहे.

सरपंचपदासाठी तू अर्ज भरलास हे मला बाळूकडून कळले, याचे वाईट वाटले. थकबाकी नसल्याच्या दाखल्यापासून शौचालयाच्या दाखल्यापर्यंत सारे कागद तू एकटीने गोळा केलेस आणि आम्हांला सुगावा लागू दिला नाहीस. बेसाल्टमधल्या पाण्यावर पीएच.डी. केलेली मुलगी पुण्याची नोकरी सोडून कपबशी नाहीतर छत्री अशा चिन्हावर मते मागणार, म्हणून इथल्या शेजाऱ्यांना हसू आले. मला आले नाही. दामोदर नदीच्या पुरांचा अभ्यास करणारे मेघनाद साहा 1952 साली लोकसभेवर निवडून गेले, हे मी वर्षानुवर्षे वर्गात अभिमानाने सांगत आलो आहे. पण ते दिल्लीला गेले, भावकीत नाही. सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेता येत नाही, हे 1993 च्या कायद्यातच होते. ते तू ग्रामसभेत आबांच्या तोंडावर बोललीस, तेही टेप हातात घेऊन. तुझे बरोबरच होते. तरी त्या दिवशी सभा संपल्यावर अंधारात एकटी त्याच रस्त्याने घरी आलीस, हे ऐकल्यापासून माझे जेवणात लक्ष नाही. तात्यांच्या वेळचे तुला ठाऊक आहे. असो.

तू चौथीत असताना उन्हाळ्यातल्या रविवारी आपण हात-हातावर गाठी मारलेल्या दोराला दगड बांधून गावच्या त्याच सार्वजनिक विहिरीत सोडत असू. 'बुडुक' झाले की तू गाठी मोजायचीस आणि जुन्या दिनदर्शिकेच्या मागे आकडा लिहायचीस. एकदा दगड खाली कोरडाच वाजला. मी म्हणालो, आज शून्य लिही. तू म्हणालीस, "शून्य कसे बाबा, सव्वीस गाठी दोर गेलाय," आणि सव्वीस लिहून पुढे कंसात 'पाणी नाही' असे लिहिलेस. शिक्षक मी होतो, तरी तो फरक मला सुचला नव्हता.

प्रचारात मात्र तुझ्या या सवयीचीच पंचाईत होईल. पाणी कधी येणार, असे कोणी विचारले की तू "मोजल्याशिवाय सांगता येणार नाही" म्हणशील, आणि समोरचे पॅनेल चोवीस तास नळाचे वचन देऊन मोकळे होईल. 1972 च्या दुष्काळात मी खडी फोडली, सुकडी खाल्ली. पुढे गावात बोअरची गाडी आली तेव्हा लोकांनी तिला हळदकुंकू लावले. खडकाच्या भेगांतले पाणी एकाने खालून ओढले की शेजारची विहीर आटते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि आज सांगणारीवर ते रागावणारच. हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर न घेण्याचे बंधन गावाने पाळले खरे, पण पोपटराव पवार तिथे 1989 सालीच सरपंच झाले होते. ते एका पंचवार्षिकाचे काम नव्हे, हे लक्षात ठेव. घाई करू नकोस, आबांना चारचौघांत खाली पाहायला लावू नकोस, घरी जाऊन चहा घे, आणि संध्याकाळी सातच्या पुढे...

पाहिलेस, पुन्हा तिथेच आलो. मी तुला शिकवायला बसलो, याची क्षमा कर. अडतीस वर्षांच्या बाईला बापाने घड्याळ लावून देऊ नये, असे तुझी आई म्हणते. मात्र तिनेच मघाशी बॅटरीचे सेल आणून माझ्या उशाशी ठेवले आहेत, तुला पाठवायला.

तो दोर माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. पीळ सुटला असेल, तेव्हा विहिरीत सोडण्याआधी ओढून पाहा. सभेहून परतताना ओढ्यावरची फरशी ओलांडलीस की एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, म्हणजे बोलणेही होणार नाही. अकरापर्यंत मी जागा असतो.

तुझा,
बाबा