नमुना थोडा, म्हणून यंत्र नवे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांना अद्ययावत यंत्रे मिळावीत, ही मागणी आपल्या जिल्ह्यात वरचेवर होते आणि ती रास्तही आहे. परंतु सांगलीत अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यावर माझे असे मत झाले आहे की, नमुना अगदी थोडा असताना ‘यंत्राला काही दिसत नाही’ ही जी तक्रार कानावर येते, तिचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून नमुना यंत्रापर्यंत नेण्याच्या पद्धतीत असते.

हळदीचेच पाहा. तिच्यातील कुरक्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याचे प्रमाण ४२५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाचे शोषण मोजून काढतात. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीकडे ऊतिसंवर्धनातून वाढवलेल्या कोवळ्या रोपाचा जेमतेम २०० मायक्रोलिटर अर्क होता. एका प्रयोगशाळेत नेहमीची क्युव्हेट (यंत्रात द्रावण ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) भरावी म्हणून तो ३ मिलिलिटरपर्यंत पातळ केला गेला. म्हणजे मुळातच क्षीण असलेला रंग पंधरा पट फिका झाला, आणि वर नवे यंत्र लागेल असा सल्ला मिळाला. वास्तविक शोषण ठरते ते द्रावणाच्या तीव्रतेवर आणि प्रकाशाने त्यातून कापलेल्या अंतरावर. क्युव्हेटच्या रुंदीशी त्याचा संबंध नाही. हे अंतर १० मिलिमीटरच ठेवून रुंदी कमी केलेल्या सूक्ष्म क्युव्हेट मिळतात आणि त्यांतील काहींना २०० मायक्रोलिटरहूनही कमी द्रव पुरतो. मात्र यंत्रातील प्रकाशझोताची तळापासूनची उंची, जी बहुधा ८.५ किंवा १५ मिलिमीटर असते, ती पाहूनच क्युव्हेट मागवावी लागते. ती न पाहता घेतलेल्या महागड्या क्युव्हेट कपाटात धूळ खात पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या संयुगाची भेसळ होते, तेव्हा शिसे मोजावे लागते. ज्वालेवर चालणाऱ्या ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन यंत्रात (धातूचे अणू किती प्रकाश शोषतात ते हे यंत्र मोजते) ओढून घेतलेल्या द्रावणाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग ज्वालेपर्यंत न जाता निचऱ्याच्या नळीतून वाहून जातो. बोरिस ल्व्होव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या ग्रॅफाइट भट्टीच्या, म्हणजे ज्वालेऐवजी विजेने तापवलेल्या ग्रॅफाइटच्या नळीच्या, कल्पनेचे मर्म हेच की, सुमारे २० मायक्रोलिटरचा थेंब असला तरी तो संपूर्ण कामी येतो. तरीही हे द्रावण नायट्रिक आम्ल न घालता ठेवले, तर काही शिसे बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसते आणि मग भट्टीचाही इलाज चालत नाही. (पोत्याच्या तोंडाशी घेतलेली एक चिमूट अख्ख्या पोत्याबद्दल काय सांगणार, हा प्रश्न तर यंत्राच्या आवाक्याबाहेरचाच आहे.)

दुसरा गैरसमज असा की, यंत्राचा गेन (संकेत मोठा करून दाखवण्याचे प्रमाण) वाढवला म्हणजे ते अधिक संवेदनशील झाले. गेन वाढवला की संकेतासोबत नॉइज, म्हणजे वाचनातील निरर्थक चढउतारही, वाढतो. किती सूक्ष्म प्रमाण ओळखता येईल हे ब्लँकच्या, म्हणजे मोजायचा पदार्थ नसलेल्या द्रावणाच्या, वाचनांच्या स्थैर्यावर ठरते. ब्लँकची सरासरी अधिक त्याच्या प्रमाण विचलनाची (वाचने सरासरीभोवती किती विखुरतात त्याच्या मापाची) तिप्पट, ही ढोबळ मर्यादा प्रचलित आहे. १६ वाचनांची सरासरी घेतली तर यादृच्छिक नॉइज एक-चतुर्थांशावर येतो आणि त्याला खर्च येतो तो केवळ वेळेचा. पण द्रावणासाठी वापरलेल्या पाण्यातच शिसे असेल, तर शंभर वाचने घेऊनही आपण तीच चूक अधिक खात्रीने मांडतो. म्हणून शुद्ध पाणी, आम्लाने धुतलेली भांडी, मायक्रोपिपेटचे (अगदी थोडा द्रव मोजून घेण्याच्या साधनाचे) कॅलिब्रेशन आणि नीट केलेले अर्थिंग यांसाठी दरवर्षी थोडी तरतूद हवी. नेमकी हीच रक्कम अंदाजपत्रकातून सर्वांत आधी कापली जाते, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत सध्याच्या यंत्रावर घेतलेली किमान दहा ब्लँक वाचने जोडण्याची अट संस्थाचालकांनी घालावी, अशी विनंती आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली